वेताळाची पाठ

परवा सकाळी नातवाला घेऊन वेताळ टेकडीवर गेले होते. घेऊन गेले असं आपलं म्हणायचं, खरं तर तोच मला हाताला धरून वर नेत होता. दर पंधरा पावलांनी मी थांबायचे आणि तो विचारायचा, "आजी, दमलीस की मोर बघतेस?" (दमल्यावर मी मोर शोधायचं नाटक करते, हे त्याला कळलेलं आहे.)

पुण्यातली ही सगळ्यात उंच टेकडी. माथ्यावर वेताळबाबाचं छोटंसं देऊळ आहे. मी चपला काढल्या, नमस्कार केला. नातू मात्र चार हात लांब उभा.

"आजी, वेताळ म्हणजे भूत ना? मग भुताचं देऊळ कसं काय?"

प्रश्न रास्त होता. उतरताना मी त्याला विक्रम-वेताळाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. स्मशान, झाड, झाडाला लटकणारं प्रेत, राजाच्या खांद्यावर बसून बोलणारा वेताळ... तेवढ्यात टेकडी संपली, खाली उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं आणि गोष्ट तिथेच राहिली. रात्री दोन वाजता स्वारी रडत उठली. दारात कुणीतरी मोठ्ठा माणूस उभा आहे म्हणाला.

सकाळी चहा घेताना सून अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, प्लीज, त्याला भुताखेतांच्या गोष्टी नका ना सांगू." तिचं काही चुकलं नाही. रात्रभर त्याला थोपटत बसली होती ती. मी "बरं" म्हटलं आणि गप्प बसले. पण जे चहाच्या टेबलावर बोलता आलं नाही ते दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं, म्हणून इथे लिहिते आहे. ती इथलं वाचते, तेव्हा हे थोडंसं तिच्यासाठीही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलांना भीतीच्या गोष्टी सांगू नयेत हे मला पटत नाही. अर्धवट सांगू नयेत, हे शंभर टक्के पटतं. माझी चूक झाली ती तिथे.

आमच्या पिढीला वेताळ भेटला तो 'चांदोबा'त. शंकर या चित्रकाराचं ते चित्र आठवतंय ना? एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे काळोख. माझ्या मुलांच्या पिढीला तो १९८५ साली दूरदर्शनवर भेटला. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन हे वेताळ. रविवारी आमच्या शेजारपाजारची दहा-बारा पोरं आमच्याकडे टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. सगळ्यांना काय लक्षात आहे? वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडावर. बस्स. पुढे काय होतं हे कुणाला सांगता येत नाही. मी वर्गात मुद्दाम विचारायचे, "राजा वेताळाला नेत होता तो कुणासाठी आणि कशासाठी?" वर्गात एकही हात वर यायचा नाही.

तर ती शेवटची गोष्ट. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकात काश्मिरात लिहिल्या गेलेल्या ग्रंथात, ती आहे. आणि गंमत म्हणजे त्यातला राजा आपलाच आहे. नाव त्रिविक्रमसेन आणि राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण!

या राजाच्या दरबारात क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज येई आणि राजाच्या हातात एक फळ ठेवी. काही मागत नसे. वर्षानुवर्षं हा क्रम चालला. राजा ते फळ कोठाराच्या अधिकाऱ्याकडे देऊन मोकळा होई. एक दिवस एका माकडानं ते फळ फोडलं आणि आतून अमूल्य रत्न निघालं. कोठारात बघतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. राजा भारावला. म्हणाला, महाराज, तुम्हाला काय हवं? भिक्षू म्हणाला, फार काही नाही. वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये, मला एका साधनेत वीर पुरुषाची मदत हवी आहे. अमुक झाडावर एक प्रेत लटकतं आहे, तेवढं घेऊन ये.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. रात्रभर राजा त्या झाडाच्या खेपा घालतो. शेवटच्या प्रश्नाला त्याला उत्तर सुचत नाही, तो गप्प चालत राहतो. आणि तेव्हा प्रेतातला वेताळ त्याला म्हणतो, राजा, आता ऐक. तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तुम्ही घालून दाखवा. तो वाकला की तलवार चालव. राजा तसंच करतो आणि वाचतो.

आता मला सांगा, या गोष्टीत भिण्यासारखं कोण होतं?

स्मशान भीतिदायक, झाड भीतिदायक, प्रेत तर आहेच आहे. आणि गोड कोण? रोज फळ आणून देणारा, काहीही न मागणारा तो साधू. खरं संकट त्या साधूकडून होतं आणि खरं सांगणारा होता तो प्रेतातला. मला तर पुढे पुढे असंही वाटायला लागलं की वेताळाचं पुन्हा पुन्हा झाडावर जाणं हा नुसता खट्याळपणा नव्हे. प्रत्येक खेपेला राजाचं मरण तेवढं लांबत होतं. हे माझं वाचन झालं, पोथीत तसं लिहिलेलं नाही. पण पोथीच्या शेवटी एक गोष्ट नक्की आहे. ही कथा जिथे वाचली जाईल तिथे यक्ष, राक्षस, वेताळ यांचं काही चालणार नाही, असा वर त्या कथेला मिळतो. म्हणजे वेताळापासून राखण करणारी गोष्ट वेताळाचीच! आणि मी नातवाला ती नेमकी तिथपर्यंत न नेता गुऱ्हाळात रस पाजत बसले...

हे सगळं मला पुस्तकातून कळलं ते बरंच नंतर. आधी कळलं ते आजीकडून.

माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं. आरवली आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जयवंत दळवींचं आरवली, शिरोड्याच्या शेजारचं. तिथल्या ग्रामदैवताचं नाव वेतोबा. वेताळ अधिक बा. भुतांचा राजा म्हणून ज्याची उभ्या महाराष्ट्राला भीती, त्याला आमच्याकडे 'बा' म्हणतात. देवळात गेलात तर छाती दडपते. मूर्ती माणसाच्या रूपातली, उभी, माणसाहून कितीतरी उंच, मिशा आणि मोठाले डोळे. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती. म्हणून गावात फणसाचं लाकूड वापरत नाहीत. आता आहे ती पंचधातूची, १९९६ साली बसवलेली. या देवाला नवस फेडायचा तो केळ्यांच्या घडाचा आणि चामड्याच्या चपलांचा. चपला म्हणजे साध्या नव्हेत, दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील एवढ्या. का तर वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरून फेरी घालतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात.

वडील मुंबईला गिरणीत. घरात आजी, आई आणि आम्ही तीन भावंडं. वीज नव्हती. संध्याकाळी कंदील लागला की आजी कडी घालायची आणि म्हणायची, आता बाहेरचं तो बघेल. रात्री वाटेवर काही खुडबुडलं की आम्ही मुलं पांघरुणात शिरायचो. आई आणि आजी मात्र गाढ झोपलेल्या. तेव्हा मला याचं फार आश्चर्य वाटायचं. ज्या आवाजानं आमची गाळण उडायची त्याच आवाजाच्या भरवशावर त्या दोन एकट्या बायका निवांत झोपत होत्या, हे समजायला मला स्वतः संसार करावा लागला.

पाचवीत असताना मला स्वप्न पडलं. आमच्या दारात कुणीतरी प्रचंड माणूस उभा आहे, इतका मोठा की दार भरून गेलंय आणि चांदणं आत येत नाहीये. मी किंचाळून उठले. आजीनं जवळ घेतलं, पाणी दिलं. "काही नाही ग, स्वप्न होतं" असं ती म्हणाली नाही. तिनं विचारलं, "तेची पाठ दिसली की तोंड?"

मी आठवून सांगितलं, "पाठ."

"मगे घाबरतस कित्याक? तो भायर बघता. आमची राखण करता."

एवढंच. आजी झोपली आणि मीही झोपले. ज्याचं तोंड आपल्याकडे आणि पाठ बाहेर, त्याला भ्यायचं. ज्याची पाठ आपल्याकडे आणि तोंड बाहेर, तो आपला राखणदार. तो दिसायला कसा का असेना. आजीला अक्षरओळख नव्हती. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, पुढे पस्तीस वर्षं शिकवलं, पण माणूस ओळखायची याहून सोपी खूण मला पुस्तकात सापडली नाही.

खाली गोव्यात गेलात तर वेताळाचा 'बेताळ' होतो. काणकोणातल्या लोलयेला त्याची भलीमोठी दगडी मूर्ती उघड्यावर उभी आहे. गोव्यातल्या जुन्या बेताळमूर्ती उग्र असतात, गळ्यात मुंडमाळा. सासष्टीतल्या बेताळभाटी या गावाचं नावच त्याच्यावरून पडलेलं आहे. त्याच मुलखात आणि आमच्याकडेही आणखी एक असतो, देवचार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री शिवेवरून फिरणारा, चुकलेल्याला वाटेला लावणारा. शेता-बागायतीचा राखणदार वेगळा, त्याला वर्षातून एकदा राखण द्यायची. आता गंमत बघा. हाच 'देवचार' शब्द गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत वापरतात तो सैतान या अर्थानं! पोर्तुगीजांबरोबर आलेल्या पाद्र्यांना इथले देव म्हणजे सैतानच वाटले, त्यात हा बिचारा आधीच दिसायला तसा. एकाच गावात, एकाच भाषेत, एका घरचा राखणदार तो शेजारच्या घरचा सैतान. बाहेरून आलेल्या माणसाला फक्त रूप दिसतं. तो रात्रभर कुणाकडे पाठ करून उभा होता, हे आत झोपलेल्यालाच ठाऊक.

आता जे लिहायला मी इतके परिच्छेद घेतले ते लिहिते. हे मी घरात कधी बोललेले नाही.

१९७९ सालची गोष्ट. मी नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. सिंधुदुर्ग जिल्हा अजून झालेला नव्हता, रत्नागिरीच होता. आमची शाळा गावाबाहेर, माळावर. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही. तिथे एक शिपाई होते. देवीच्या रोगानं चेहरा पार खडबडीत झालेला, एक डोळा गेलेला, आवाज घोगरा, चालताना एक पाय ओढत. मुलं त्यांना मागून 'वेताळ' म्हणायची. पाचवीच्या मुली त्यांना बघून रडायच्या. शाळा सुटली की ते फाटकापाशी काठी आपटत उभे राहायचे आणि कुणी रेंगाळलं की खेकसायचे, "घराक चल! घराक चल!" पावसाळ्यात लवकर अंधारायचं, तेव्हा हातात कंदील घेऊन मुलींच्या मागून पऱ्ह्यापर्यंत जायचे. मुली पळत सुटायच्या.

त्याच गावात एक सद्गृहस्थ होते. हा शब्द मी विचार करून वापरते आहे, कारण सगळं गाव त्यांना तेच म्हणायचं. स्वच्छ धोतर, मऊ बोलणं. गरीब मुलींना वह्या द्यायचे, पेनं द्यायचे. शाळेच्या छपराला त्यांनी देणगी दिली होती. हुशार मुलींना घरी बोलावून इंग्रजी शिकवीन, फुकट शिकवीन, म्हणाले. आम्ही शिक्षक मंडळी भारावलो. मीही.

आमचे शिपाई मात्र त्यांना शाळा सुटल्यावर फाटकाच्या आत येऊ देईनात. एकदा तर सगळ्यांदेखत काठी आडवी धरली. केवढा गहजब झाला! देणगीदाराचा अपमान! संस्थेनं चौकशी लावली. शिपायांना कारण विचारलं तर ते नीट बोलेनात. "माका बरा दिसना नाय," एवढंच. आणि चौकशीत मी, त्या शाळेतली एकुलती एक बाई, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की सदर शिपायाच्या वागण्याची मुलींना भीती वाटते. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मुलींना भीती वाटतच होती.

त्यांना संस्थेच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं, बारा मैलांवर. फाटक मोकळं झालं.

दिवाळीनंतर सातवीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. मी घरी गेले तर तिची आई काही सांगेना, नुसती रडत होती. काय झालं ते हळूहळू कळलं. त्या 'शिकवणी'ला आणखी मुली जात होत्या हेही कळलं. त्या मुलीला मुंबईला मावशीकडे पाठवून दिलं. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच नाही. मुलीच्या नावाची काळजी, घराण्याच्या नावाची काळजी, छपराच्या देणगीची काळजी. आज २०१२ चा पोक्सो कायदा आहे, असं काही कळलं तर शाळेला गप्प बसता येत नाही, गप्प बसणं हाच गुन्हा आहे. तेव्हा आम्ही सगळे गप्प बसलो. मीसुद्धा. शिकवणी तेवढी बंद झाली, ती आयांनी आपापसात बोलून बंद केली.

पुढच्या रविवारी एस.टी.नं मी त्या शिपायांच्या घरी गेले. ते अंगणात सुंभ वळत बसले होते. मला धड बोलता येईना. माझं चुकलं, मी तसं लिहायला नको होतं, असं काहीतरी म्हणाले असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वर न बघता म्हणाले, "चेडवां भियाली तर भियांदेत, बाई. घराक तर पोचत होती."

घरी तर पोचत होत्या.

मी आजीची नात. मला लहानपणी कुणी विचारलं होतं, पाठ दिसली की तोंड? आणि शिकून-सवरून, वर्गात वेताळाची शेवटची गोष्ट सांगून, वेळ आली तेव्हा मी रूपच बघितलं. तो माणूस रोज संध्याकाळी मुलींकडे पाठ करून, वाटेकडे तोंड करून उभा होता. आणि तो सद्गृहस्थ रोज फळ घेऊन येत होता.

ते शिपाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं नाव लिहावंसं फार वाटतं, पण त्यांच्या घरच्यांना न विचारता लिहिणं बरं नाही.

यावरून कुणी म्हणेल, बाई, म्हणजे तुमचा भुतांवर विश्वास आहे की काय? नाही हो. वेतोबा चपला घालून फिरतो का, या वादात मला पडायचं नाही. अंगात येणं, उतारे, करणी यांच्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध डॉ. दाभोलकर आयुष्यभर बोलले. २०१३ साली त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे. आणि नीट बघितलं तर 'तुला वेताळ लागलाय, मी काढतो' म्हणत घरात शिरणारा मांत्रिक तरी कोण असतो? क्षांतिशीलच! फक्त फळाच्या जागी त्याच्याकडे अंगारा असतो. त्याला लोक नमस्कार करतात आणि भितात बिचाऱ्या वेताळाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना भीती वाटणारच. आपण गोष्टी सांगितल्या नाहीत म्हणून काळोख उजळत नाही, ती आपली आपण त्यात काहीतरी बघतात. मग त्यांच्या बाजूनं उभा राहणारा एखादा दांडगा, कुरूप, रागीट कुणीतरी त्या काळोखात असू दे की. गोड चेहऱ्याचे पऱ्या आणि ससे ठीक आहेत, पण रात्री दोन वाजता सशाच्या भरवशावर कोण झोपेल? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. जग आपल्या मुलांना दिवसरात्र शिकवतंय की चांगलं दिसतं ते चांगलं. उलट शिकवणारी एखादी तरी गोष्ट त्यांच्या गाठीला हवी. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये हे आपण सांगतो. पण फळ देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे कोण सांगणार? ते सोमदेवानं हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय.

आणि रूपावरून ज्यांना आपण घाबरतो, हसतो, ज्यांच्याविरुद्ध सुवाच्य अक्षरात तक्रारी लिहितो, त्यांच्याबद्दल एकदा तरी थांबून बघावं, की हा माणूस नक्की कुणीकडे तोंड करून उभा आहे?

टेकडीवरच्या वेताळबाबाचंच बघा. ही टेकडी पोखरून बोगदे आणि कडेनं रस्ता काढायचं घाटत होतं, तेव्हा २०२३ साली पुणेकर मोर्चानं रस्त्यावर उतरले. त्यात देवभक्त होते, नास्तिक होते, नुसते फिरायला येणारे होते. फलकांवर नाव एकच, वेताळ टेकडी. मला बरं वाटलं. इतकी वर्षं तो शहराची टेकडी राखत बसला, एकदा शहर त्याच्या राखणीला आलं.

असो. बरंच लिहून झालं. सूनबाई, तू हे वाचलं असशील तर माझी विनंती आहे. परवा रात्री तो जे स्वप्न बघून उठला, दारात मोठ्ठा माणूस उभा आहे म्हणाला, ते माझंच स्वप्न आहे ग, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं. त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. काल दुपारी तू बाहेर गेली होतीस तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, "त्या माणसाची पाठ होती की तोंड?" तो बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "मी नीट बघितलंच नाही. पुन्हा आला तर बघतो."

बघतो म्हणाला. घाबरेन म्हणाला नाही.

तेव्हा परवानगी दे. गोष्ट मी सांगणार आहे, पण या वेळी दिवसाउजेडी, आणि शेवटपर्यंत. तूही येऊन बस.